गोळ्यांची डबी सोबत घेऊन जा

पत्राचा सारांश: वाचक भगिनी ३४ वर्षांच्या आहेत. सासर यावल तालुक्यात, घरी केळीची शेती, पाच वर्षांची एक मुलगी. गेल्या पावसाळ्यात सकाळी उठल्यावर दोन्ही हातांच्या मुठी मिटेनाशा झाल्या, मनगटं सुजली. जळगावला रक्त तपासलं, त्यात अँटी-सीसीपी (आमवाताची खूण दाखवणारी रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आलं. नाशिकच्या सांधेविकारतज्ज्ञांनी आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, असं निदान केलं. आठ महिने औषधं चालू आहेत: आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, फॉलिक ॲसिड आणि थोडं स्टेरॉइड. त्यांच्याच शब्दांत "बारा आणे फरक आहे." पण मेथोट्रेक्सेटच्या दुसऱ्या दिवशी मळमळतं, केस गळतात आणि "जन्मभर गोळ्या" या विचाराने झोप उडते. जेठांनी एक निसर्गोपचार केंद्र शोधलं आहे. २१ दिवस तिथे राहायचं आणि यायच्या आठ दिवस आधी सगळ्या ॲलोपॅथीच्या गोळ्या बंद करायच्या, अशी अट आहे. जेठांच्या ओळखीतली एक बाई तिथून कुबडी टाकून चालत आली म्हणे. नवरा म्हणतो, तू ठरव. पत्राची शेवटची ओळ अशी: "सासूबाईंना नातू हवा आहे, मलाही दुसरं मूल हवं आहे, पण अंगात एवढी औषधं असताना ते कसं व्हायचं? जाऊ का तिथे?"

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न निसर्गोपचाराचा आहे. दुसऱ्यांदा शेवटच्या ओळीपाशी अडखळले. तिच्याकडे नंतर येते, पण येणार नक्की.

आधी माझा कल कुठे आहे ते सांगून टाकते, म्हणजे माझं बोलणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी डॉक्टर नाही. निसर्गोपचाराशी माझं वैरही नाही. उरुळी कांचनच्या निसर्गोपचार आश्रमात दहा दिवस राहून आले आहे. पोटावर मातीची पट्टी घेऊन पडून राहण्यात काय सुख असतं ते मला ठाऊक आहे. पण माझी आई आमवाताची होती. आम्ही तिला जिजी म्हणायचो. सत्तरच्या दशकात आमच्या गावात या दुखण्याला "वात आला" याहून वेगळं नाव नव्हतं. शेक झाले, लेप झाले, एरंडेल झालं, कोणाचा तरी अंगारा झाला. चाळिशी यायच्या आत तिची बोटं करंगळीच्या बाजूला कलली ती कललीच. ती कळण्याची भाकरी मनगटाच्या टाचेने थापायची, त्यामुळे भाकरीवर दोन खळगे उमटायचे. लग्न होऊन सासरी येईपर्यंत मला वाटत होतं की भाकरीवर असे खळगे असतातच. तेव्हा गोळ्यांबद्दल तटस्थपणे बोलणं मला जमणार नाही. जिजीला त्या मिळाल्या नाहीत.

आता कुबडी टाकून आलेल्या बाईंबद्दल. त्या खोटं बोलत असतील असं मी म्हणत नाही. माझा प्रश्न एवढाच, त्यांना झालं काय होतं? आपण मराठीत 'संधिवात' हा एकच शब्द सगळ्या दुखण्यांना लावतो. गुडघ्याची झीज म्हणजे संधिवात, युरिक ॲसिडने अंगठा सुजला तरी संधिवात, चिकनगुनियानंतर सहा-सहा महिने सांधे धरले तोही संधिवातच. २००६ साली चिकनगुनियाची साथ आली तेव्हा गावोगाव धडधाकट माणसं भिंत धरून चालत होती, आणि त्यातली बरीचशी काही महिन्यांनी आपोआप सरळ झाली. त्या काळात ज्याने जो उपाय केला त्याला त्याचं श्रेय मिळालं. वजनदार माणसाची गुडघेदुखी पाच-सहा किलो उतरवल्यावर खरोखर कमी होते आणि ते काम निसर्गोपचार चांगलं करतो. तुमचा आजार यांपैकी कुठलाच नाही. तुमच्या शरीराची संरक्षण यंत्रणा तुमच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चाल करून जाते. म्हणून जेठांना एवढंच विचारा, त्या बाईंचं अँटी-सीसीपी तपासलं होतं का? बहुधा माहीत नसेल. आणि समजा त्यांनाही आमवातच असला, तरी हा आजार स्वतःच्या लहरीने चढतो-उतरतो. अगदी असह्य झाल्यावरच माणूस कुठेतरी धाव घेतो आणि असह्य झालेलं दुखणं पुढे थोडं उतरायचंच असतं.

आणखी एक गोष्ट. २१ दिवस तिथे तुम्ही काय करणार नाही, याची यादी मनात करून बघा. पहाटे उठून पाणी भरणं नाही. पंधरा-वीस भाकरी थापणं नाही. धुणं पिळणं नाही, मजुरांचा चहा नाही, पापड-बिबड्यांचा घाट नाही. वेळेवर जेवण, दुपारी झोप, कोणीतरी अंगाला तेल लावून देणार. आपल्याकडच्या कुठल्याही बाईला असे २१ दिवस दिले तर हात दुखायचे निम्मे थांबतील, तिला आजार असो वा नसो! मी हे थट्टेने म्हणत नाही. विश्रांती हा उपचार आहे आणि तुम्हाला तो हवाच आहे. पण तो विकत घ्यायला घर सोडून जावं लागतं आणि त्यासाठी दुसऱ्या कोणी आजाराचं निमित्त पुढे करावं लागतं, यावर घरात बोलणं झालं पाहिजे. केंद्राच्या फीमध्ये कणीक मळायचं मशीन आणि धुण्याचं मशीन दोन्ही बसतील, असा माझा अंदाज आहे.

आता त्या अटीकडे वळते. माझं म्हणणं या पत्रात एकच आहे: निसर्गोपचार करणाऱ्याकडे जायला हरकत नाही, पण जो माणूस तुमची औषधं न बघता, तुमच्या डॉक्टरांशी न बोलता "आधी सगळ्या गोळ्या बंद" म्हणतो, त्याच्याकडे जाऊ नका. तो किती सज्जन आहे, याने फरक पडत नाही.

कारण असं. तुमच्या डबीत स्टेरॉइड आहे. काही महिने स्टेरॉइड पोटात गेलं की शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं काम मंदावतं. ते एकाएकी थांबवलं तर ओकाऱ्या, गळून जाणं, रक्तदाब खाली येणं, असं होऊ शकतं आणि कधी ते जिवावर बेततं. ही गोळी बंद करायची तर डॉक्टरांच्या हिशेबाने, पायरी पायरीने. मेथोट्रेक्सेटचं वेगळं आहे. ते थांबवलं तर लगेच काही होत नाही, आणि फसगत तिथेच होते. या औषधाचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात आणि ओसरायलाही वेळ लागतो. म्हणजे केंद्रातले तीन आठवडे तुम्ही जुन्या गोळ्यांच्या जोरावर बऱ्या राहाल आणि श्रेय मातीच्या पट्टीला जाईल. घरी आल्यावर सूज उसळली की उत्तर तयार असतं: "घाबरू नका, रोग बाहेर पडतोय." हे वाक्य नीट लक्षात ठेवा. बरं वाटलं तर उपचार लागू पडला आणि वाईट वाटलं तरी उपचार लागू पडला, असं जिथे म्हणतात तिथे उपचार चुकला हे कधी कळणारच नाही. तोवर सांध्याचं हाड झिजत राहतं आणि झिजलेलं हाड परत येत नाही. या आजारात सुरुवातीची दोन वर्षं फार मोलाची असतात. तुम्ही त्याच काळात आहात आणि बारा आणे फरक हातात आहे. उरलेले चार आणे मिळवायला आधीचे बारा पणाला लावायचे का, हा सौदा आहे.

तुमच्या पत्रात "इम्युनिटी वाढवणारा काढाही देतात" असं एक वाक्य आहे. त्यावर जरा थांबा. तुमची इम्युनिटी कमी पडलेली नाही, ती नको तिथे जोर करते आहे. तुमची निम्मी औषधं तिला आवर घालण्यासाठीच आहेत. मग दुसरीकडून तिला चेतवणारा काढा कशासाठी? करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेल उकळला गेला. मुंबईतल्या डॉक्टरांनी तेव्हा गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, तपासलेली वनस्पती नक्की कुठली होती असा प्रश्न विचारला. तो वाद तज्ज्ञांचा तज्ज्ञांनी मिटवावा. तुमच्यापुरतं सांगते: मेथोट्रेक्सेट चालू असताना यकृतावर आधीच लक्ष ठेवावं लागतं, त्यात न सांगता काढा ओतायचा नाही. आणि बिनलेबलाची पुडी तर हातात धरू नका. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. म्हणजे जे सोडायला निघालात तेच, मोजमाप नसलेलं.

"नैसर्गिक ते निर्धोक" हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण ओळीओळींत आहे. त्यावर मला गांधीजींची गोष्ट आठवते. तुमच्या यावल तालुक्यातच, फैजपूरला, १९३६ साली काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन झालं, तेव्हा ते आले होते. घरातल्या जुन्या माणसांनी त्याच्या गोष्टी ऐकलेल्या असतील. माती, पाणी, उपवास यांवर त्यांच्याइतका विश्वास कोणाचा नसेल. उरुळीचा आश्रमही १९४६ साली त्यांनीच सुरू केला. पण जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगात असताना अपेंडिक्सने घेरलं, तेव्हा त्यांनी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्याकडून शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं. त्यानंतरही त्यांचा निसर्गोपचारावरचा विश्वास टिकला. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला पचल्या. मग तुम्हालाच का एक निवडायला लावतात?

निसर्गोपचारात या आजारासाठी काहीच नाही, असंही नाही. १९९१ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी आमवाताच्या ५३ रुग्णांवर केलेला एक अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आठवडा-दहा दिवस उपवास आणि मग वर्षभर शाकाहार केलेल्यांना नेहमीचं जेवणाऱ्यांपेक्षा बरं वाटलं होतं. अभ्यास छोटा होता आणि नुसत्या उपवासाचा गुण खायला लागलं की ओसरतो, हेही दिसलेलं आहे. तरीही शेक, तेल, हलका व्यायाम, वजन, झोप, साधं जेवण यांत तुमचं नुकसान काही नाही, फायदाच आहे. तो गोळीच्या जोडीला घ्या.

जायचंच ठरवलं तर माणूस पारखून घ्या. निसर्गोपचारात बीएनवायएस नावाची पदवी असते, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. ती घेतलेला डॉक्टर आणि पंधरा दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेला माणूस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आयुर्वेदासाठी २०२० च्या कायद्याने राष्ट्रीय आयोग आला, त्यात निसर्गोपचार धरलेला नाही. म्हणून इथे पारखायची जबाबदारी जास्त करून आपल्यावरच येते. पदवी विचारायला लाजू नका. केळीचं रोप घेताना आपण टिश्यू कल्चर कुठल्या लॅबचं हे चार वेळा विचारतो. पुण्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे, एकदा तिथे दाखवून मत घेता येईल. आणि कोणाकडेही गेलात तरी विचारा: माझ्या गोळ्या चालू ठेवून उपचार कराल का? काय देणार ते कागदावर लिहून द्याल का? नाशिकच्या डॉक्टरांशी फोनवर बोलाल का? गुण येत नाही हे कशावरून आणि किती दिवसांनी ठरवायचं? शेवटच्या प्रश्नावर जो चिडेल त्याला तिथूनच नमस्कार करा.

जायच्या आधी आणि आल्यावर एकाच लॅबमध्ये ईएसआर आणि सीआरपी, या अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, करून घ्या. घरी कालनिर्णयवर रोज एक आकडा लिहा: सकाळी उठल्यापासून मूठ पूर्ण मिटायला किती मिनिटं लागली. मन भुलतं, घड्याळ भुलत नाही. चैत्र-वैशाखात मात्र जाऊ नका. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्यात उपवास आणि वाफेची पेटी म्हणजे अंगातलं पाणी आटणार, आणि पाणी आटलं की मूत्रपिंडातून मेथोट्रेक्सेट नीट बाहेर पडत नाही. लांबलचक उपवास तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नका.

पथ्याचं विचारलंत. वांगं, टोमॅटो, दही, केळं, सगळंच 'वातूळ' म्हणून बंद करायला सांगितलंय. केळीच्या बागेत राहून केळं बंद, हे फारच झालं. वांगं-टोमॅटोने आमवात वाढतो याला भक्कम पुरावा नाही. एखादा पदार्थ एखाद्याला सोसत नाही, हे मात्र खरं असू शकतं. तर एका वेळी एकच पदार्थ दोन-तीन आठवडे सोडा, कालनिर्णयवरचे आकडे बघा, पुन्हा खा, पुन्हा बघा. फरक नसेल तर हिवाळ्यात शेतात भरीत पार्टीला जा आणि भरीत खा. आयुष्यातलं एवढं सुख कोणाच्या सांगण्यावरून सोडायचं नसतं.

आता ज्या त्रासांमुळे तुम्ही दुसरं दार शोधताय, त्यांच्याबद्दल. मळमळ आणि केस, हे तुम्ही नाशिकच्या डॉक्टरांना सांगितलंय का? पत्रात तसं कुठे दिसत नाही. "दहा मिनिटांत बाहेर येतो, विचारायचं राहून जातं," एवढंच आहे. मेथोट्रेक्सेट रात्री जेवणानंतर घेणं, फॉलिक ॲसिड वाढवणं, डोस विभागणं, गोळीऐवजी त्वचेखालचं इंजेक्शन घेणं, असे मार्ग असतात आणि यांनी बऱ्याच जणांची मळमळ कमी होते. चालेनाच तर दुसरी औषधंही आहेत. भुसावळहून गाडीत बसाल तेव्हा कागदावर तीन प्रश्न लिहून न्या आणि आत गेल्यावर आधी कागद टेबलावर ठेवा. ही युक्ती सगळ्याच वाचकांसाठी.

ओघात दोन सावधगिरीच्या गोष्टी, कारण यांत माणसं दगावतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवा, तो कालनिर्णयवर गोल करून ठेवा. रोजची समजून कोणी चुकून देऊ नये. आणि गावातल्या डॉक्टरांकडे ताप-खोकल्याला गेलात तरी हे औषध चालू असल्याचं आधी सांगा. लघवीच्या जंतुसंसर्गावर कधी कधी कोट्रायमॉक्साझोल देतात, ते याच्या जोडीला धोक्याचं ठरतं. दर दोन-तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी चुकवू नका, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळेही तपासून घेत राहा.

आता शेवटची ओळ.

मला वाटतं, तुम्हाला शरीर "शुद्ध" करून घ्यायचंय, ते मुलासाठी. २१ दिवस, गोळ्या बंद, अंग स्वच्छ, मग बाळ. हे कोणाला बोलून न दाखवता तुम्ही मनात जुळवलंय. तुमची काळजी निम्मी अगदी बरोबर आहे: मेथोट्रेक्सेट चालू असताना दिवस राहता कामा नयेत, गर्भाला त्याने गंभीर इजा होते. म्हणून आज, हे वाचताय तेव्हापासूनच, गर्भनिरोधनात ढिलाई नको. पण याचा अर्थ आमवात असलेल्या बाईला मूल होत नाही, असा नाही. खूप जणींना होतं. डॉक्टरांना आधी सांगितलं की ते मेथोट्रेक्सेट ठरावीक काळ आधी, साधारण एक ते तीन महिने, बंद करतात आणि गरोदरपणात चालणारी औषधं देतात. तुमच्या डबीतलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन त्यांतलंच एक आहे. आजार काही महिने शांत असताना दिवस राहिले तर सगळंच सोपं जातं. बऱ्याच जणींचा आमवात गरोदरपणात निवळतो आणि बाळंतपणानंतर उसळतो. तेव्हासाठी घरात माणूसबळ लागेल, त्याची तजवीजही आधीच करायची.

म्हणजे गोळ्या बंद करायची वेळ खरंच येऊ शकते. ती कोणत्या क्रमाने आणि कशाच्या बदल्यात बंद करायची, हे तुमच्या सांध्यांचे फोटो पाहिलेल्या माणसाने ठरवायचं. पुढच्या भेटीत कागदावरचा पहिला प्रश्न हाच लिहा: "मला दुसरं मूल हवंय. कधी आणि कसं?" नवऱ्याला सोबत न्या. "तू ठरव" म्हणणं सोपं असतं, आणि यातलं निम्मं ठरवणं त्यांचंही आहे. सासूबाईंना नातूच हवा, नात नको, यावर मी लिहायला बसले तर हे सदर पुरणार नाही.

राहिले जेठ. त्यांनी तुमच्यासाठी धडपड केलीय, त्यांना तोडून बोलू नका. त्यांना सांगा, "भाऊ, येते मी. पण गोळ्यांची डबी आणि नाशिकची फाइल सोबत घेऊन येणार. चालेल का, तेवढं केंद्रात विचारून घ्या." आणि तो फोन त्यांनाच लावू द्या.